कोरड्या जिल्ह्यातला माणूस लिओपोल्डमध्ये

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी लिओपोल्डमध्ये बसून बिअर प्यायलो. या वाक्यात विशेष काय आहे असं वाटत असेल, तर तुम्ही वर्धा जिल्ह्यातले नाही.

झालं असं, की मुंबईतल्या क्लायंटकडचं काम शुक्रवारी रात्री ठरल्यापेक्षा लवकर आटोपलं (आमच्या धंद्यात हेच मुळात ऐतिहासिक) आणि पुण्याला परतायचं रविवारी होतं. टीममधला एक पक्का मुंबईकर म्हणाला, "चल, तुला राणीच्या काळातला पब दाखवतो." राणी म्हणजे व्हिक्टोरिया. पब म्हणजे कुलाबा कॉजवेवरचं लिओपोल्ड कॅफे, स्थापना १८७१.

आता पब म्हणणं जरा फसवंच आहे. हे दुकान इराण्यांनी काढलं ते खाद्यतेलाच्या घाऊक व्यापारासाठी. मग कधी खानावळ, कधी स्टोअर, कधी औषधांचं दुकान असं करत करत ते आजच्या रूपाला आलं. म्हणजे राणीच्या काळात इथे येणारा माणूस बहुधा तेल घेऊन घरी जात असणार. मी हे मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "तू इथे पण रिक्वायरमेंट्स तपासणार का?" असो.

१८७१ म्हणजे पोरबंदरला गांधीजी जेमतेम दोन वर्षांचे. आणि आमचं वर्धा शहर तेव्हा अगदी नवीन. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी इंग्रजांनी १८६६ मध्ये ते वसवलं. म्हणजे आम्हीही व्हिक्टोरियनच, लिओपोल्डपेक्षा पाच वर्षांनी मोठे! पण पुढे १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला आले, शेगावचं सेवाग्राम झालं, पवनारला विनोबा होतेच, आणि या पुण्याईवर १९७० च्या दशकात आमचा जिल्हा कोरडा जाहीर झाला. अजून तसाच आहे. नंतर १९९३ मध्ये गडचिरोलीत बंदी आली. चंद्रपूरला २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. आमची कुणी उठवली नाही.

कोरडा म्हणजे काय, ते बाहेरच्यांना समजावणं अवघड आहे. दारू मिळत नाही असा त्याचा अर्थ नाही. दारू दिसत नाही, एवढाच. पोलिसांची 'वॉश आऊट' मोहीम निघते, नाल्याकाठी मोहाचा सडवा सांडतात, पेपरात ड्रमांसोबत फोटो येतो, आणि चार दिवसांनी दुसऱ्या नाल्याकाठी भट्टी लागते. बाटलीवाली हवी असेल तर हद्द ओलांडायची. आमच्या देवळी तालुक्याकडच्या लोकांना नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. पूल ओलांडला की झालं. मी लहानपणी कुणाला दारू पिताना पाहिलंच नाही. प्यायलेले मात्र रोज पाहिले.

पुण्यात नोकरी लागल्यावर मीही अधूनमधून घ्यायला लागलो. पण तीही कुठे, तर काळ्या काचांच्या परमिट रूममध्ये, जिथे टेबलावरचा चकणा शेंगदाणा आहे की फुटाणा हे चावल्याशिवाय कळत नाही. हे 'परमिट रूम' प्रकरणही मजेदार. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईसुद्धा एकदा कोरडी केली होती, आणि नंतर ढील मिळाली तरी परवाना लागतो हे कलम कागदावर राहिलं. पाटीवरचं नाव तिथून आलं. थोडक्यात, मुंबई एकेकाळी आमच्यासारखी होती. तिनं ते पाटीपुरतं ठेवलं.

लिओपोल्डमध्ये पहिल्यांदा काय जाणवलं, तर उजेड. भगभगीत ट्यूबलाइटचा नव्हे, पण समोरच्याचा चेहरा नीट दिसेल असा. वर पंखे, शेजारी टेबलाला टेबल खेटून, आणि बाहेर कॉजवेवर कानातले नि चपला विकणारे. आमच्या उजवीकडे एक कुटुंब फ्राइड राइस खात होतं, त्यांचा मुलगा स्ट्रॉने बुडबुडे काढत होता. डावीकडे एक पन्नाशीची बाई एकटीच बिअरचा ग्लास घेऊन पुस्तक वाचत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी मात्र सगळ्यांकडे बघत होतो.

भिंतीत गोळ्यांच्या खुणा आहेत. २६ नोव्हेंबर २००८ ला दोघे इथे आले, हातबॉम्ब टाकला, जेवणाऱ्यांवर गोळ्या चालवल्या आणि तिथून ताजकडे गेले. मी तेव्हा शाळेत होतो, देवळीला टीव्हीसमोर बसून तीन दिवस सगळं पाहिलं होतं. काही दिवसांतच लिओपोल्ड पुन्हा उघडलं, आणि त्या खुणा बुजवल्या नाहीत. मित्र म्हणाला, फोटो काढ. मी नाही काढला. ज्या खुर्चीवर मी बसलो होतो तिथून ती भिंत फार जवळ होती. मित्राने 'शांताराम' कादंबरीतही हीच जागा आहे वगैरे सांगितलं, पण माझं लक्ष नव्हतं.

ग्लास अर्धा झाला होता आणि फोन वाजला. आई.

आणि मी काय करावं? ग्लास उचलून मेन्यूकार्डामागे लपवला. साधा कॉल, व्हिडिओसुद्धा नाही!

"कुठी हायेस बाप्पा? लय गलका येऊन राहिला."
"हॉटेलात, जेवाले."
"बरं, पोटभर खा."

मित्र हसून हसून टेबलावर पडला. मीही हसलो. पण मग मामाची आठवण आली ती गेली नाही.

मामा प्यायचा. मामी गावच्या महिला मंडळात होती. बायकांनी मिळून गावातल्या भट्ट्या मोडल्या, मामीनं स्वतःच्या हातानं ड्रम उलटे केले. तेव्हापासून मामा लुना घेऊन नदीपलीकडे जायला लागला. मी आठवीत असताना पावसाळ्यात एका रात्री परत येताना पुलाच्या अलीकडे पडला. सकाळी दूध घालायला जाणाऱ्यांना दिसला.

माझं म्हणणं बरीच वर्षं ठरलेलं होतं, की गावात मिळाली असती तर तो चालत घरी आला असता. लिओपोल्डमध्ये बसून तेच वाटत होतं. अशी एक खुर्ची, असा उजेड, शेजारी कुणाचं तरी पोर, समोर कुणी म्हणणारं की बास आता. हे मी मामीला एकदा बोलूनही दाखवलं होतं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "गावात असती तर रोज पेला असता. नदीपल्याड होती म्हून हप्त्यातून दोनदा. दहा वर्सं जास्ती जगला तो." मला उत्तर सुचलं नव्हतं. अजून सुचलेलं नाही.

निघताना बाहेरून एक फोटो काढला, पाटीसकट. परवा गावी गेलो तेव्हा मामीला दाखवला. कुठे गेलो होतो ते सरळ सांगितलं, आईला मात्र नाही (मामी सांगणार नाही याची खात्री आहे). तिनं मोबाईल हातात घेऊन दोन बोटांनी फोटो मोठा केला. पाटीवरचं काही वाचलं नाही. आत, जरा अंधूक, ती पुस्तकवाली बाई दिसत होती. मामी तिथेच थांबली.

"हे बाई बी पेते?"
"हो."
"संगं कोनी नाई?"
"नाही. एकटीच होती."

बराच वेळ ती बघत राहिली.

"मंग तिले घरी कोन नेते?"

"टॅक्सी असतात मामी," मी म्हणालो. "दारातच उभ्या असतात."