खांब उभे राहिले कोणत्या लेखाशीर्षातून?

शहरांवर पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांविरुद्धच्या नागरी चळवळींची चर्चा बहुधा खाजगीपणाच्या हक्काच्या अंगाने होते. परंतु इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या स्पार्कब्रुक आणि वॉशवुड हीथ या भागांतील रहिवाशांना २०१० साली जो अनुभव आला, तो पाहता अशा लढ्याला खरी धार तत्त्वचर्चेने नव्हे, तर हिशेबाच्या कागदाने येते, असे म्हणावे लागते. या दोन्ही भागांत मुस्लिम कुटुंबांची वस्ती मोठी असून, कॅमेऱ्यांसाठी नेमके हेच भाग का निवडले गेले, हा प्रश्न पुढे साऱ्या वादाच्या मुळाशी राहिला.

‘प्रोजेक्ट चॅम्पियन’ या नावाच्या या योजनेत एकूण २१८ कॅमेरे होते आणि त्यांपैकी ७२ छुपे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कॅमेरा म्हणून ओळखू न येणारे, असायचे होते. त्यांतील बहुसंख्य कॅमेरे वाहनांची नंबर प्लेट आपोआप वाचणारे होते. असा कॅमेरा पाटीचे छायाचित्र घेतो, त्यावरील अक्षरे व अंक संगणकाकरवी ओळखतो, पोलिसांकडील याद्यांशी ते ताडून पाहतो आणि ज्या गाडीबद्दल कसलाही संशय नाही, तिचीही वेळ व ठिकाण यांची नोंद ठेवून देतो. एकटा कॅमेरा फारसे काही सांगत नाही. मात्र वस्तीतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर त्यांचे कडे उभे केले, की कामावर, शाळेत, मशिदीत किंवा नातेवाइकांकडे गाडीने जाणाऱ्या प्रत्येकाच्या ये-जा करण्याचा आलेख तयार होतो. शहराच्या मध्यवर्ती भागात असे जितके कॅमेरे होते, त्याच्या तिप्पट या दोन वस्त्यांभोवती लावले जात होते.

कॅमेरे कशासाठी, या प्रश्नाला मिळणारे उत्तर गुन्हेगारीला व समाजकंटकांच्या उपद्रवाला आळा घालण्यासाठी, असे होते. हे उत्तर चतुर होते, कारण चोऱ्या आणि अमली पदार्थांचा त्रास सोसणाऱ्या वस्तीत सुरक्षिततेच्या नावाने येणाऱ्या गोष्टीला विरोध करणे कोणालाही जड जाते, आणि विरोध करणाऱ्यालाच ‘तुला लपवायचे तरी काय आहे?’ असे विचारले जाते. रहिवाशांच्या हाती ठोस मुद्दा आला तो पैशाच्या वाटेने. सुमारे ३० लाख पौंडांचा हा खर्च नेहमीच्या गुन्हे-प्रतिबंधक तरतुदीतून नव्हे, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेमार्फत दहशतवादविरोधी कामासाठी दिल्या जाणाऱ्या निधीतून झाला होता. ‘द गार्डियन’ने २०१०च्या जूनमध्ये ही बाब उघड केली आणि तोवर खांबांबद्दलची कुरबुर असलेल्या गोष्टीचे सार्वजनिक प्रकरण झाले. आपल्याला सरसकट संशयित धरले गेले आहे, हे आता कोणी सांगायची गरज उरली नव्हती. ते लेखाशीर्षातच लिहिलेले होते.

यानंतर सभा झाल्या, नगरसेविका सलमा याकूब यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी विषय लावून धरला आणि ‘लिबर्टी’ या नागरी हक्क संघटनेने न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. पोलिसांनी योजना थांबवून कॅमेऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. खांबाच्या टोकाला पिशवीत बांधलेला कॅमेरा हे दृश्य काहीसे हास्यास्पद होते खरे. तथापि जे कॅमेरे दिसणारच नव्हते त्यांच्यावर पिशवी घालायची कशी, ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती, आणि पिशव्या काढायला फारसा वेळ लागत नाही हे ओळखून रहिवाशांनी कॅमेरे बंद नव्हे, तर खांबांसकट काढून टाकण्याची मागणी धरली. सारे पुढे घडले ते या हट्टामुळे, असे मानण्यास जागा आहे.

थेम्स व्हॅली पोलीस दलाच्या तत्कालीन प्रमुख सॅरा थॉर्नटन यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल ३० सप्टेंबर २०१० रोजी प्रसिद्ध झाला. खरा हेतू झाकण्यासाठी सामान्य गुन्हेगारीचे निमित्त पुढे करण्यात आले, रहिवाशांशी पुरेशी चर्चा झाली नाही आणि कायद्याच्या चौकटीचा विचार झाल्याचा पुरावा फारसा आढळत नाही, असे त्यात नमूद होते. स्थानिक पोलीस प्रमुखांनी माफी मागितली, आणि २०११ साली कॅमेरे उतरवण्यात आले. पुढे ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट, २०१२’ या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील सार्वजनिक कॅमेऱ्यांसाठी आचारसंहिता आणि आयुक्तपद निर्माण केले. मात्र ते सारे श्रेय एकट्या बर्मिंगहॅमला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे ब्रिटनमधून हटले नाहीत. हटले ते या दोन वस्त्यांभोवतीचे कडे.

मुंबई-पुण्यात आज चौकाचौकांत कॅमेरे आहेत आणि माहितीच्या अधिकाराचा २००५चा कायदाही आहे. सुरक्षेच्या कारणाने काही माहिती नाकारली जाईल. तरी आपल्या चौकातील खांबाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडला आणि चित्रण किती दिवस ठेवले जाते, एवढे दोन प्रश्न साध्या अर्जावर लिहून प्रत्येक प्रभागातील नागरिकांनी विचारायला हवेत.