डबीच्या शोधात चार पावले

मुलांकडे अमेरिकेत राहून आलेले ज्येष्ठ माझ्या दवाखान्यात सांगतात, ‘दिवसभर खिडकीपाशी बसून गुडघे आखडले.’ पुढच्या खेपेस आपण नातवंडांसह ‘जिओकॅशिंग’ करून पाहावे. मोबाइलवरील जीपीएसच्या आधारे कुणीतरी लपवलेली डबी शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि ती होती तिथेच ठेवायची. ३ मे २००० रोजी ओरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर यांनी पहिली बादली लपवली. आज तिथे स्मृतिफलक आहे. वाटेची अवघडता १ ते ५ अशी नोंदलेली असते. १ म्हणजे चाकाच्या खुर्चीलाही सुकर. आपण तीच निवडावी. चालताना मोबाइल पाहू नये. थांबावे, काठी टेकवावी, मग पाहावे. वाकण्याचे काम नातवाचे. डबी न सापडली, तरी चालणे पदरी पडतेच.