"तुमच्याकडे अमुक समाज कुणाकडे?" या प्रश्नाला माझं उत्तर

निवडणूक जवळ आली की मुंबईहून फोन सुरू होतात. कुणी वाहिनीवाला, कुणी सर्व्हेवाला. प्रश्न ठरलेले. "डहाणूत वारली कुणाकडे आहेत? ख्रिस्ती कुणाकडे? मच्छीमार? इराणी?" समोरच्याकडे तक्ता तयार असतो, त्याला फक्त रकाने भरून हवे असतात. मी सांगतो की बाबा, असा एका ओळीत समाज मावत नाही. त्याला वाटतं हा माहिती लपवतोय. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

सुरुवात इराणी-पारशांपासून करतो. डहाणू, घोलवड, बोर्डी पट्ट्यात त्यांच्या चिकूच्या वाड्या आहेत. पारशी परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज इराणहून येऊन ज्या संजाणला उतरले, ते डहाणू रोडहून काही स्टेशनं पुढे, गुजरातच्या हद्दीत. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी जिथे लपवून ठेवला ती बहारोटची लेणी तर आपल्याच तालुक्यात. मूठभर समाज, एक धर्म. मग राजकारणही एकच असेल ना?

आता बघा. ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात सुरुवातीला जे तीन भारतीय निवडून गेले, ते तिघंही पारशी. दादाभाई नौरोजी १८९२ साली लिबरल पक्षाकडून, मंचरजी भावनगरी १८९५ साली हुजूर पक्षाकडून. तिसरे शापूरजी सकलातवाला. नात्याने टाटा घराण्यातले, पण विचाराने कम्युनिस्ट, आणि १९२२ साली लंडनच्या बॅटरसीतून निवडून आले ते लेबर पक्षाचे उमेदवार म्हणून. एकाला स्वराज्य हवं, दुसरा साम्राज्याचा पाठीराखा, तिसऱ्याला कामगारांचं राज्य हवं. घरी प्रार्थना मात्र तीच.

स्वातंत्र्यानंतरही तेच. होमी दाजी इंदूरच्या गिरणी कामगारांमध्ये राहिले, लाल राजकारणात वाढले आणि १९६२ मध्ये लोकसभेत गेले. पिलू मोदी गुजरातमध्ये गोध्र्यातून निवडून आले ते राजाजींच्या स्वतंत्र पक्षाकडून. हा पक्ष सरकारी परवानाराजविरुद्ध उभा होता आणि गुजरातेत त्याला चांगलं बळ होतं. फिरोज गांधी अलाहाबादच्या काँग्रेसी वातावरणात घडले आणि रायबरेलीचे खासदार असताना त्यांनी मुंदडा प्रकरण लोकसभेत मांडून स्वतःच्याच सरकारला घाम फोडला. तिघांच्या राजकारणाचा माग काढायचा तर अग्यारीत जाऊन उपयोग नाही. गिरणीत, बाजारात आणि चळवळीत जावं लागेल.

ही गोष्ट फक्त भारतातली नाही. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचं उदाहरण घ्या. अतिशय शिस्तीचा, दारू-चहा-कॉफीसुद्धा वर्ज्य मानणारा समाज. युटामध्ये त्यांचा स्वतःचा पीपल्स पार्टी नावाचा पक्ष होता. युटाला राज्याचा दर्जा मिळवायचा म्हणून तो १८९१ मध्ये बरखास्त झाला आणि लोक दोन राष्ट्रीय पक्षांत विभागले गेले. १८९६ मध्ये राज्य मिळालं. आज युटा रिपब्लिकनांचा गड आहे, तिथे मॉर्मन म्हटलं की लोक रिपब्लिकन समजूनच चालतात. पण शेजारच्या नेवाडात, सर्चलाइट नावाच्या खाणगावात, एका गरीब खाणकामगाराच्या घरी हॅरी रीड जन्मले. पुढे मॉर्मन झाले, डेमोक्रॅटिक पक्षात गेले, लास वेगासच्या हॉटेल कामगारांच्या युनियनच्या बळावर निवडणुका लढले आणि सिनेटमध्ये बहुमताचे नेते झाले. २०१२ मध्ये रिपब्लिकनांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी होते, तेही मॉर्मनच. त्यांच्यावर सगळ्यात कडक टीका करणाऱ्यांत हे रीड होते. चर्च एकच, पण एकाच्या मागे मोठा उद्योगव्यवसाय आणि दुसऱ्याच्या मागे खाण.

आता तलासरीला या.

वारल्यांचा लाल बावटा कुठल्या पुस्तकातून आला नाही. वेठबिगारी होती, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभराची गडीगिरी होती. १९४५ मध्ये झरीला किसान सभेची परिषद झाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर पाठीशी उभे राहिले आणि वेठ बंद झाली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि इतर चार जण गेले. ज्या जमीनदारांविरुद्ध हा लढा होता त्यांत हिंदू सावकार होते आणि पारशी-इराणीही होते. भांडण जमिनीचं आणि मजुरीचं होतं. बावटा हातात घेतला म्हणून कुणी हिरवा, हिमाय, वाघ्या सोडले नाहीत. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत आजही सगळ्या पक्षांचे लोक एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असतात.

आणि तरीही सगळे वारली लाल आहेत असं समजाल तर फसाल. तलासरीसारख्या छोट्या गावात तीन वेगवेगळ्या विचारांच्या लोकांनी शिक्षणाचं काम उभं केलं : परुळेकरांच्या वारशातलं आदिवासी प्रगती मंडळ, संघविचाराचं वनवासी कल्याण केंद्र आणि जेझुइट पाद्र्यांचं ज्ञानमाता सदन. एकाच पाड्यावरची पोरं तीन ठिकाणी शिकली, तीन ठिकाणी जेवली. कुणी वकील झाला, कुणी शिक्षक, कुणी कार्यकर्ता. याच तलासरीने १९७७ मध्ये माकपचे लहानू कोम लोकसभेत पाठवले आणि पुढे भाजपचे चिंतामण वनगाही. दोघंही आदिवासी. डहाणू विधानसभा २००९ मध्ये माकपकडे, २०१४ मध्ये भाजपकडे, २०१९ आणि २०२४ मध्ये पुन्हा माकपकडे. शेवटच्या दोन्ही वेळा फरक पाच हजारांच्या आसपास. २०२४ च्या उन्हाळ्यात पालघर लोकसभा भाजपने जिंकली आणि काही महिन्यांत डहाणूत विनोद निकोले पुन्हा आमदार झाले. मतदार तेच, देवही तेच. आता सांगा, तक्त्यात काय भरू?

हे सगळं तक्त्यापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्या तालुक्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार मारलं. ते कृत्य भयंकर होतं, त्याला कुठलीच सबब नाही. टाळेबंदीत मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा गावोगाव फिरत होत्या, लोक रात्री पहारे देत होते. पण दोनच दिवसांत टीव्हीवर प्रश्न सुरू झाला : मारणारे कुठल्या धर्माचे? कुठल्या पक्षाचे? मिशनरी की कम्युनिस्ट? गावची सरपंच भाजपची होती, हे त्या गोष्टीत कुठेच बसत नव्हतं, म्हणून ते कुणी मोठ्याने सांगितलं नाही. अफवा कशी पसरली, पोलीस कमी का पडले, हे खरे प्रश्न बाजूलाच राहिले. बाहेरच्यांनी आपला तक्ता आणला आणि आमचा अख्खा तालुका त्यात कोंबला.

तोच तक्ता आता दाखल्यापर्यंत आलाय. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, अशी 'डीलिस्टिंग'ची मागणी जोरात आहे. अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींच्या आदेशात ती नाही. जमात म्हणजे भाषा, रीत, जमीन आणि वाट्याला आलेला अन्याय, असं त्यामागचं धोरण. ज्यांना ते बदलायचंय त्यांनी जरूर मांडावं, लोकशाही आहे. पण त्या मागणीच्या पोटात एक गृहीतक आहे की माणूस चर्चमध्ये गेला की तो आपला राहिला नाही, मतानेही नाही आणि मनानेही नाही. हे गृहीतक तलासरीच्या कुठल्याही पाड्यावर टिकत नाही. एका घरात भाऊ चर्चला जातो, दुसरा भगताकडे, आणि वनपट्ट्याच्या मोर्चाला दोघं एकाच टेम्पोत बसतात.

उद्या कुणी विचारलं की तुमचा समाज कुणाकडे, तर त्याला उलट विचारा : कुठल्या गावातला? जमीन नावावर आहे का? शाळा कुठे शिकला? पाणी किती लांबून आणतो? एवढं कळलं की मताचा अंदाज बांधता येईल. धर्म विचारून तो बांधता येत नाही.