तांब्यावरची साल

हिवाळ्यात काँक्रीट ओतायचं तर आधी तंबू ठोकावा लागतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनच्या आसपासच्या साईटवर, हे दृश्य नेहमीचं. बाहेर उणे २५ अंश. आत ताडपत्र्या, लाकडी सांगाडा, जाड ब्लँकेटं आणि गरम हवा फेकणारे प्रोपेनचे हीटर. काँक्रीट कोवळं असताना त्यातलं पाणी गोठलं, तर ते पुढे कधीच पुरती ताकद धरत नाही. म्हणून पहिले काही दिवस त्याला दहा अंशांच्या वर ऊब द्यायची. हीटर गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा आणि ठिणगी विजेवर चालतात, आणि पंखा थांबला की सुरक्षेसाठी हीटरही बंद पडतो. म्हणजे एवढा मोठा स्लॅब रात्रभर कशाच्या भरवशावर असतो, तर बर्फावरून नेलेल्या एका एक्स्टेंशन केबलच्या.

साईटवरच्या तात्पुरत्या विजेची व्यवस्था बहुधा माझ्याकडे असते. कामाची सुरुवात केली ती सोलापुरात. तिथे एक्स्टेंशन म्हणजे लाकडी बोर्डावर दोन सॉकेट आणि मागे लोंबणारी वायर. पिनटॉप नसला तर वायरीची सोललेली टोकं सरळ सॉकेटात खुपसायची आणि काडेपेटीच्या काडीनं दाबायची. ऊन, उंदीर आणि पावसाचं पाणी हे तिथले वैरी. थंडीनं वायर तडकते असं त्या काळी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एका ऑक्टोबरात हिवाळ्याच्या सामानाची यादी करत बसलो होतो. सोबत सांगलीकडचा एक पोरगा होता, शिकाऊ म्हणून नव्यानं लागलेला. यादीतल्या दोन केबलींच्या किमती पाहून तो म्हणाला, "काका, दोन्हींत तांबं तेवढंच आहे ना? लांबी तीच, गेज तेच. मग हिला जवळजवळ दुप्पट पैसे कशाचे?"

"सालीचे," मी म्हणालो.

त्याला ते पटलं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. वायर म्हणजे तांबं, बाकीचं नुसतं वेष्टन, असंच आपण शिकलेलो असतो. पण थंडीत हिशेब उलटा होतो. तांब्याला थंडी मानवते. तापमान एका अंशानं उतरलं की त्याचा रोध साधारण ०.४ टक्क्यानं कमी होतो. २० अंशांवरची तार उणे ३० वर नेली, तर तिचा रोध जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं घटतो. त्या हवेत खुश असणारी साईटवरची ती बहुधा एकमेव वस्तू. त्रास होतो तो वरच्या सालीला.

स्वस्त केबलची साल पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक प्लॅस्टिक. आपल्याकडचे पाण्याचे पाइप त्याचेच. वायरीसाठी त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळून ते मऊ करतात. पण हा मऊपणा तापमानाच्या ताब्यात असतो. पारा उतरत जातो तसं ते पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर येतं. साधी पीव्हीसी केबल उणे २० च्या खाली उसासारखी ताठ होते. सकाळी वेटोळं सोडायला गेलं तर वेटोळ्याच्याच आकारात उभी राहते, जमिनीला टेकत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येते. कुणी जोर लावून सरळ करायला गेलं की वळणाच्या बाहेरच्या अंगाला बारीक तडा जातो. तडा दिसत नाही. दुपारी तंबूच्या दाराशी बर्फ वितळतो, पाणी त्या तड्यातून आत जातं, आणि मग तो तडा नुसता सालीचा राहत नाही.

म्हणून त्या पोराला मी खोक्यावरचं वाचायला बंदी केली आणि केबलवर छापलेलं वाचायला लावलं. उत्तर अमेरिकेत प्रत्येक केबलच्या अंगावर अक्षरांची एक ओळ असते. सुरुवातीचा 'एस' म्हणजे जाड, ६०० व्होल्टची. त्यापुढे 'जे' आला तर हलकी, ३०० व्होल्टची. हातातल्या अवजारांना ती पुरते, पण गाड्यांच्या वाटेत टाकायची तर 'जे' नसलेली बरी. 'टी' दिसला की साल पीव्हीसीची. 'ई' दिसला तर इलॅस्टोमर, म्हणजे रबरासारखं वागणारं प्लॅस्टिक. दोन्ही नसतील तर खरं रबर. 'ओ' म्हणजे तेलाला दाद न देणारी साल, आणि दोन 'ओ' असतील तर आतल्या तारांवरचं इन्सुलेशनही तसंच. शेवटचा 'डब्ल्यू' म्हणजे बाहेर, उन्हापावसात चालणारी.

बहुतेक जण या 'डब्ल्यू'वर विसंबतात. दुकानातला माणूस सांगतो, बाहेर वापरायची आहे, घेऊन जा. पण 'डब्ल्यू' ऊन आणि पाणी यांच्यापुरतंच बोलतो. थंडीचा आकडा वेगळा छापलेला असतो: उणे ४०, काहींवर उणे ५०. आणि त्या आकड्यातही एक खोच आहे. केबल त्या तापमानात ठेवून ठरावीक जाडीच्या दांड्याभोवती वाकवतात आणि साल तडकते का ते पाहतात. तडकली नाही, तर पास. ती सहज वाकली की दोघांनी जोर लावून वाकवावी लागली, हे तो आकडा सांगत नाही. उणे ४० छापलेली पीव्हीसीही मिळते. ती तडकणार नाही, पण हातात घेतली की काठी. इलॅस्टोमरची केबल त्याच हवेत हातमोजे घातलेल्या हातानं वळते. रबरही वळतं, आणि हीटरजवळच्या उष्णतेला ते जास्त टिकतं. पण ते जड. मचाणावर चढवायची केबल मी इलॅस्टोमरची घेतो, जमिनीवर पडून राहणारी रबराची.

"मग वाऱ्याचं काय?" पोरानं विचारलं. "हिवाळ्यात मोबाइलवर तर उणे ४२ सुद्धा दाखवतात म्हणे."

हा प्रश्न इथे नवा आलेला प्रत्येक जण विचारतो. मोबाइलवरचा तो आकडा विंडचिलचा, वारा लागल्यावर आपल्या कातडीला किती गार वाटेल याचा. केबलला कातडी नाही. हवा उणे २८ असेल तर केबल उणे २८ वर येऊन थांबते. वाऱ्यामुळे ती तिथवर लवकर पोहोचते, एवढंच. तेव्हा केबल निवडताना हवेचं खरं तापमान बघायचं. अर्थात खरं तापमानही कधीकधी दगा देतं. जानेवारी २०२४ मध्ये एडमंटनच्या विमानतळावर पारा उणे ४५ च्या खाली गेला होता. १३ तारखेच्या संध्याकाळी तर प्रांतातली वीजच कमी पडायला लागली आणि सगळ्यांच्या मोबाइलवर सरकारी इशारा वाजला: अनावश्यक दिवे बंद करा, हीटर कमी वापरा, गाड्यांचे ब्लॉक हीटर लावायचे थोडं थांबा. ब्लॉक हीटर म्हणजे गाडीचं इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर. तो लावल्याशिवाय इथे अशा सकाळी गाडी सुरू होईलच असं नाही. म्हणून प्रत्येक घराबाहेर, प्रत्येक पार्किंगमध्ये केबली लोंबत असतात. त्या संध्याकाळनंतर मी उणे ४० वर समाधान मानणं सोडलं. वर्षातली सर्वांत वाईट सकाळ हेच केबलचं खरं गिऱ्हाईक असतं.

सालीचं झालं, म्हणून तांब्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, आणि इथे भारतातून आलेल्या माणसाला दुसरा धक्का बसतो. इथली नेहमीची वीज १२० व्होल्टची. आपल्याकडे १५०० वॉटचा हीटर साडेसहा अँपिअर घेतो, इथे तोच साडेबारा घेतो. प्रवाह दुप्पट म्हणजे केबलमधला व्होल्टेजचा तोटा दुप्पट, आणि मुळातलं व्होल्टेज अर्धं असल्यानं टक्केवारीत तो जवळजवळ चौपट. गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. ३० मीटरच्या १६ गेज केबलमधून १२ अँपिअर नेले तर साडेनऊ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे आठ टक्के. १४ गेजला सहा व्होल्ट. १२ गेजला पावणेचारच्या आसपास, तीन टक्के. थंडीमुळे तांबं सुधारतं, त्यानं यात थोडी सूट मिळते. पण ती सूट सोळाला बारा करत नाही.

हा तोटा दिव्याला कळत नाही, मोटरला कळतो. कॉम्प्रेसरचं उदाहरण घ्या. उणे २५ मध्ये त्यातलं तेल घट्ट झालेलं असतं, सुरू होताना मोटरला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. त्याच क्षणी बारीक, लांब केबलमुळे तिच्यापर्यंत पोहोचणारं व्होल्टेज पडतं. मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि ब्रेकर उडतो. मग फोरमन कॉम्प्रेसरला शिव्या देतो. दोन बारीक केबली एकमेकींना जोडून काम भागवलेलं असलं की हे हमखास होतं. माझा नियम साधा आहे: १५ मीटरपर्यंत १४ गेज, त्यापुढे १२. बाराचीही पुरणार नाही इतकं लांब जायचं तर केबल लांबवायची नाही, वीजच जवळ न्यायची. त्यासाठी साईटवर वाटपाची पेटी असते. एक जाड केबल तिच्यापर्यंत जाते आणि पेटीतून २० अँपिअरचे बरेच फाटे निघतात. चांगली पेटी ठेवली की निम्म्या लांब केबली विकत घ्याव्याच लागत नाहीत.

केबल मरते ती बहुतेक वेळा टोकाला. ताठ केबलवर पाय पडला की ती वाकत नाही. सगळा जोर प्लगच्या मानेवर येतो, साल प्लगमधून निसटते आणि आतल्या रंगीत तारा दिसू लागतात. त्यातही सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तुटलेली अर्थची पिन. फेज आणि न्यूट्रल शाबूत असल्यानं ड्रिल फिरतं, दिवा लागतो, कुणाला काही कळत नाही. फक्त फॉल्ट येईल त्या दिवशी करंटला परत जायची सुरक्षित वाट नसते. म्हणून पिना डोळ्यांनी पाहायच्या आणि अर्थ मीटरनं तपासायचा. खरेदी करताना मानेशी जाड, लवचीक आधार असलेला प्लग बघायचा. टोकाला दिवा असलेली केबल मिळाली तर ती घ्यायची. डिसेंबरात इथे दिवस साडेसात तासांचा, संध्याकाळी सव्वाचारला सूर्य गेलेला असतो. अशा अंधारात कुठल्या केबलमध्ये वीज आहे ते लांबून दिसणं ही चैन नव्हे. रंगाचंही तसंच. पांढरी-करडी केबल बर्फात हरवते आणि बर्फ ओढणाऱ्या यंत्राच्या फाळाला सापडते.

सॉकेटमधलं गळतीचं संरक्षण इथे फार नाजूक असतं. पाच मिलिअँपिअरच्या आसपास करंट गळला की ते वीज तोडतं. माणसाचा जीव त्यानं वाचतो, पण जोडावर बर्फ बसून वितळला की तेही उडतं आणि रात्री दोन वाजता तंबूतला पंखा थांबतो. अशा वेळी संरक्षण टाळून सरळ जोडणी करायचा मोह होतो. त्याचं उत्तर जोड जमिनीवरून उचलणं हे आहे. लाकडी घोडीवर किंवा कुंपणाच्या आकड्यावर टांगायचा, वर झाकण बसवायचं. बर्फावर पडलेली केबल स्वतःच्या उबेनं आत रुतते आणि रात्री बर्फात जखडली जाते. मग ती ओढणारा आणि फावड्यानं सोडवू पाहणारा, दोघंही नवी केबल घ्यायला लावतात.

वापरण्याची शिस्त मी त्या पोराला हातानं दाखवली. रात्री केबली गरम केबिनमध्ये ठेवायच्या, सकाळी उबेतच सोडायच्या आणि मग बाहेर पसरायच्या. गोठलेली केबल गुंडाळायची नाही. कोपर आणि पंजा यांच्यात तर कधीच नाही, त्यानं दर फेऱ्याला एक पीळ बसतो. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, मोठ्या गोलात. रीळवरची केबल पूर्ण उलगडल्याशिवाय हीटर लावायचा नाही, कारण बाहेर उणे ३० असलं तरी गुंडाळीच्या आतली उष्णता बाहेर पडत नाही. ब्लँकेटाखालून केबल न्यायची नाही, तेही त्याच कारणानं. आणि तड्यावर चिकटपट्टी नको. साध्या पट्टीचा गोंद थंडीत धरत नाही, आणि धरला तरी पट्टी म्हणजे साल नव्हे.

यावर तो म्हणाला, "एवढं सगळं सांभाळायचं तर स्वस्तातली केबलही टिकेल की."

टिकेलही. सगळ्यांनी सगळं पाळलं तर. पण साईटवर दहा ठेकेदारांची माणसं असतात, बोटं सुन्न झालेली असतात, आणि पाच वाजता प्रत्येकाला गाडी गाठायची असते. महाग साल ही त्या पाच वाजताच्या माणसासाठी घ्यायची असते. शिस्त मोडली जाणारच आहे, हे धरून चालणारी केबल हवी.

आता सामानाची यादी तोच करतो. दर सोमवारी सगळ्या केबली तपासणंही त्याच्याकडे आहे. साल, मान, पिना, अर्थ. बाद ठरलेली केबल तो नुसती कचऱ्यात टाकत नाही, आधी तिची दोन्ही टोकं कापतो. कचऱ्यातून काढून ती पुन्हा लावणारा कुणी ना कुणी प्रत्येक साईटवर असतो.