मोजणीचा आरंभ

परवा रत्नागिरीत आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत बसलो असता भ्रष्टाचाराचा विषय निघाला. जो तो पुढाऱ्यांना बोल लावीत होता. आम्ही बंगळूरचे उदाहरण दिले. तेथील नागरिकांची पाहणी करून १९९४ साली सार्वजनिक सेवांचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करण्यात आले. कामासाठी तुम्ही स्वतः लाच दिलीत काय, हेही त्या पाहणीत विचारले होते. १९९९ व २००३ साली पुन्हा मोजणी झाली, तेव्हा सेवा सुधारल्याचे नागरिकांनीच सांगितले.

"हाच प्रश्न आपण एकमेकांना विचारू या," आम्ही सुचविले. सारे गप्प झाले. मग एका आजीबाईंनी हळूच विचारले, "फादर, तुम्ही दिलीत का कधी?"

आम्हांला एक जुना प्रसंग आठवला. दाखला लवकर मिळावा म्हणून पाकीट पुढे सरकविणारा हात आमचाच होता.

"होय," आम्ही म्हणालो. त्यानंतर एकेक जण बोलू लागला.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने असे दाखले ठरल्या मुदतीत मिळण्याचा अधिकार आपणांस दिला आहे. यापुढे तोच मागायचा, असे त्या सायंकाळी आम्ही सर्वांनी ठरविले.