माजघरापर्यंतची तार

आमच्या वाड्याच्या भिंती अडीच फूट जाडीच्या आहेत. ग्वाल्हेरचा दगड आणि चुना, याखेरीज त्यांत दुसरे काही नाही. दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० साली येथे स्थिरावली आणि तिचे ‘लष्कर’ झाले. त्या छावणीमागोमाग जी मराठी घराणी आली, त्यांपैकी आमचे एक. वैशाखात बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला, तरी आमच्या माजघरात माठाशेजारी बसल्यासारखे वाटते. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की त्या भिंतीवर थाप मारून दाखवण्याचा मोह मला आवरत नाही. ज्या भिंतींचा असा अभिमान बाळगला, त्यांच्याविषयी फेरविचार करण्याची वेळ वयाच्या पासष्टाव्या वर्षी आली, आणि तीही एका लहानशा पांढऱ्या पेटीमुळे.

ही पेटी म्हणजे राउटर. २०१२ साली मुलीच्या अभ्यासासाठी तो घरात आला. टेलिफोनची तार पूर्वीपासून दिवाणखान्यात उतरत असे, म्हणून तेथल्याच कोनाड्यात त्याची स्थापना झाली. आई त्याला ‘दिव्यांची पेटी’ म्हणते. मुलगी शिकून हैदराबादला नोकरीस गेली. पेटी मात्र राहिली.

आई मूळची बडोद्याची. १९५६ मध्ये लग्न होऊन ती लष्करात आली. तिची धाकटी बहीण, आमची मावशी, बडोद्यातच दिली गेली. दोघींमध्ये चार वर्षांचे अंतर. आपल्यासारख्या घराण्यांत ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे ही एकाच मांडवाखालची गावे. सोयरीक सहज होई, भेट मात्र दुर्लभ. मग आंतर्देशीय पत्रे. दिवाळीला ट्रंक कॉल नोंदवायचा, तास-दोन तास खोळंबायचे आणि तीन मिनिटांत ‘तू कशी, मी कशी’ एवढे ओरडून फोन ठेवायचा. दोघी बहिणी साठ वर्षे अशाच एकमेकींच्या तुकड्या-तुकड्यांवर जगल्या. २०२० च्या टाळेबंदीत मावशीच्या नातीने व्हिडिओ कॉलची युक्ती काढली आणि रविवारी दुपारी चार ही वेळ ठरून गेली. मावशी झोपाळ्यावर बसलेली दिसे. आई दिवाणखान्यात, पेटीपासून चार हातांवर. बोलणे तासतासभर चाले, आणि त्यात नवीन असे काहीच नसे. जुन्याच गोष्टी एकीने काढायच्या आणि दुसरीने दुरुस्त करायच्या.

२०२२ मध्ये आई पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पण चौकाच्या तीन पायऱ्या ओलांडून दिवाणखान्यात येणे तिला पुन्हा जमले नाही. तिचा पलंग माजघरात, तेव्हा रविवारही माजघरात गेला. तेथूनच कुरबुर सुरू झाली. मावशीचे चित्र मध्येच थिजे, आवाज विहिरीतून आल्यासारखा येई, पडद्यावर एक चक्र फिरत राही. मी दिवाणखान्यात जाऊन पेटी बंद करून पुन्हा चालू करी. पाच-दहा मिनिटे बरी जात. मग पुन्हा तेच.

मी राज्य शासनाच्या भू-अभिलेख खात्यात अडतीस वर्षे काढली. प्रकरण निकाली न काढता जिवंत ठेवण्याची विद्या मला कोणी शिकवायला नको. मुलगी फोनवर म्हणे, “बाबा, तो राउटर आता बदला हो.” मी म्हणे, “चालतो आहे की.” २०२१ मध्ये तांब्याची तार जाऊन फायबर आले, तेव्हा नवी पेटी घेण्याचा प्रस्ताव समोर होता. जुनी चालते म्हणून मी पंधराशे रुपये वाचवले आणि त्या काटकसरीचे मनोमन कौतुकही केले. परिणाम असा झाला, की आमच्या दारापर्यंत राजमार्ग आला आणि उंबऱ्याच्या आत पायवाट ती २०१२ सालचीच राहिली. आईने तक्रार केली नाही. मावशी उत्तर देत नाही असे वाटले की ती एवढेच म्हणे, “तिला कंटाळा आला असेल.”

डिसेंबर २०२४ मधला एक रविवार. मावशीला आठवडाभर बरे नव्हते. तरी ती उशांना टेकून बसली होती. बोलता बोलता तिचा चेहरा एकदम उजळला. ती म्हणाली, “ताई, तुला आठवतं का गं, बाबांनी त्या दिवशी आपल्याला स्टेशनवर...” आणि चित्र थिजले. तोंड अर्धवट उघडे, हात वर उचललेला. मी दिवाणखान्यात धावलो, पेटी बंद केली, चालू केली. पुन्हा लावला तेव्हा तिकडून नातीने सांगितले, की आजी दमून निजली. आई म्हणाली, “असू दे. पुढच्या रविवारी विचारीन.”

गुरुवारी पहाटे मावशी गेली.

बाबांनी स्टेशनवर काय केले होते, ते आता कोणालाच ठाऊक नाही. आईला असे एकही स्टेशन आठवेना. पुढचे काही दिवस ती मध्येच विचारी, “कुठलं रे स्टेशन असेल?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन वर्षे विचाराधीन ठेवलेले प्रकरण मात्र होते.

तेरावा झाल्यावर मी ते हाती घेतले. सरकारी माणसाला दुःखाचे काय करावे हे कळत नाही, मोजमाप कळते. मी वाड्याचा नकाशा काढला आणि मोबाइलवर संकेताची शक्ती मोजणारे एक साधन घेऊन, जरीब ओढत सीमांकन करावे तसा खोलीखोलीतून फिरलो. हे माप ऋण संख्येत येते. शून्याच्या जितके जवळ, तितका संकेत सबळ. दिवाणखान्यात उणे ४५, चौकाच्या पडवीत उणे ६६, आणि आईच्या उशाशी उणे ८४. आकडे पाहून प्रथम काही विशेष वाटले नाही. मग समजले, की यात दर दहाच्या घसरणीला शक्ती दहापटीने उतरते. म्हणजे पेटीजवळ जो संकेत होता, तो माजघरात पोहोचेपर्यंत सुमारे आठ हजारपटीने क्षीण झालेला होता. ज्या भिंतींनी ऊन अडवले, त्यांनीच मावशीलाही अडवले होते.

सेवा देणाऱ्या कंपनीचा तरुण आला. त्याने भिंती पाहिल्या नाहीत, पेटी पाहिली नाही. अधिक वेगाची योजना घ्या, म्हणाला. नळाला पाणी भरपूर आहे, ते परसापर्यंत पोहोचत नाही, ही माझी तक्रार. आणि हा नळ मोठा करायला निघाला होता. बोलणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना वेग फारसा लागत नाही. लागते ती अखंडता. मग त्याने मध्ये पडवीत ‘रिपीटर’ लावण्याचे सुचवले. ही वस्तू आलेला संकेत ऐकते आणि पुन्हा उच्चारते. साध्या जातीच्या रिपीटरमध्ये ही दोन्ही कामे एकाच रेडिओकडे असतात, त्यामुळे प्रत्येक शब्द हवेत दोनदा जातो आणि क्षमता निम्म्यावर येते. शिवाय त्याच्यापर्यंत पोहोचणारा संकेतच अशक्त असेल, तर तो बापडा काय करणार? धूसर नकलेवरून काढलेली नक्कल कशी असते, हे आमच्या खात्यातल्या कोणालाही विचारावे.

दिवाणखान्यातच नवा, भारी राउटर ठेवावा असेही वाटून गेले. आमची पेटी चौथ्या पिढीतली. त्या पिढीचे मानक २००९ मध्ये मंजूर झाले. सहाव्या पिढीचे २०२१ मध्ये. मधल्या काळात वेग कितीतरी वाढला. पण तो मुख्यतः पाच गिगाहर्ट्झच्या लहरींवर, आणि या लहरी जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा दगडापुढे लवकर हात टेकतात. नवी पिढी चपळ आहे, परंतु आमच्या भिंतींशी झुंजण्याची ताकद तिच्यात अधिक नाही. हैदराबादहून मुलीने एका वाक्यात निकाल दिला, “बाबा, भिंतीतून लहर पाठवू नका; तार पाठवा.” दिवाणखान्यात नवा राउटर, तेथून माजघरापर्यंत तार, आणि तारेच्या टोकाला दुसरी लहान पेटी, अशी ती योजना होती.

पण तार न्यायची कशी? दोन भिंतींना भोके पाडावी लागणार. कारागिराने यंत्राचे लांबलचक पाते दाखवले, तेव्हा माझ्या पोटात कालवले. चुन्याची जुनी चिणाई. धक्क्याने कोठे काय निखळेल, कोण सांगणार? आमचे बोलणे आई पलंगावरून ऐकत होती. ती म्हणाली, “भोकं कशाला पाडता? आहेत ना. मामंजींच्या रेडिओची.”

मामंजी म्हणजे माझे आजोबा. त्यांचा रेडिओ दिवाणखान्यात असे. बायकांनी तेथे जाऊन बसण्याची रीत नव्हती. नवी सून बडोद्याची, घरी गाणे ऐकत वाढलेली, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. त्यांनी एक जादा स्पीकर आणून, दिवाणखान्यातून पडवीत आणि पडवीतून माजघरात तार ओढून, तो फडताळावर बसवून दिला होता. रेडिओ गेला, स्पीकर गेला, भोकांवर चुना बसला. हे सारे माझ्या जन्माआधीचे. मला त्याचा पत्ताही नव्हता. “एक कोनाड्याच्या खाली डाव्या अंगाला,” आई म्हणाली, “आणि इथलं कोठीच्या मागे, वीतभर वर.”

कोठी सरकवली. पोपडा खरवडताच चिनी मातीच्या नळीचे पांढरे तोंड दिसले. आत शंभर कोळिष्टके होती. पण आरपार होती. नळी अरुंद असल्याने टोकाला चाप लावलेली तार जाईना. म्हणून आधी नुसती तार ओढून घेतली आणि चाप नंतर दोन्ही टोकांना दाबले. ‘कॅट ६’ जातीची ही तार घेताना मी दुकानात अडून राहिलो. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार त्याने पुढे केली होती. मी निखळ तांब्याची घेतली. या तारेला शंभर मीटरपर्यंत अडचण नसते. आम्हाला पुरते चोवीसही लागले नाहीत. विजेच्या तारांपासून ती वीतभर दूर ठेवली. दोन्ही पेट्यांना एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द दिला, म्हणजे टॅब कोठेही नेला तरी जवळची पेटी आपोआप धरतो. मात्र दोघींनी एकमेकींच्या बोलण्यात बोलू नये, म्हणून समोरची पहिल्या वाहिनीवर आणि माजघरातली अकराव्या वाहिनीवर ठेवली.

जुनी पेटी काढताना आणखी एक गोष्ट उघडकीस आली. तिच्या आतल्या व्यवस्थेला कुलूप घालणारा शब्द बारा वर्षे कारखान्यातून आला तोच होता, जो कोणालाही ओळखता यावा. तिच्या निर्मात्यांनीही तिची डागडुजी केव्हाच थांबवलेली. अभिलेखागाराची किल्ली मी रोज संध्याकाळी स्वतः मोजून घेत असे. घराची मात्र उघडीच पडली होती. नव्या पेट्यांना तो शब्द आधी बदलला. जुनीतले सारे पुसून ती इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे दिली.

सगळा खर्च नऊ हजारांच्या आत आला आणि काम एका दिवसात झाले. संध्याकाळी आईच्या उशाशी मोजले, उणे ४८. नकाशावर जुना आकडा खोडून मी नवा लिहिला, तारीख घातली आणि सवयीने सहीही केली. एक दिवस आणि नऊ हजार रुपये. इतके सोपे निघाले याचाच त्रास अधिक झाला.

आता रविवारी चार वाजता बडोद्याहून मावसबहीण बोलते. चित्र अडकत नाही. आवाज इतका स्वच्छ येतो, की तिच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिटीही आईला ऐकू येते. तिच्या मागे मावशीचा झोपाळा दिसतो, रिकामा. त्याच्या पितळी कड्या मोजाव्यात इतका स्पष्ट. आई बोलता बोलता तिकडे पाहत राहते. आपण हे आधी का नाही केले, असे तिने मला कधीही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते, असे कधीकधी वाटते.

पावणेचार वाजले की ती मला हाक मारते. “तार नीट आहे ना रे?” मी उठतो, कोठीमागे वाकून पाहतो. हिरवा दिवा लागलेला असतो. “आहे,” मी सांगतो. ती पदर सारखा करते आणि चार वाजण्याची वाट पाहते.