छत्रीचं शिंग

माझ्या निकॉन एफएम२ ला लेन्सच्या मुळाशी, उजव्या हाताच्या बोटाला लागेल असा एक छोटा दांडा आहे. पहिली दोन वर्षं मी त्याच्या वाटेला गेलो नाही. दाबला की व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख होतो, एवढंच कळलं होतं. मुद्दाम काळोख कोण करून घेईल?

मग मावशीचा फोटो काढला. ओसरीवर सकाळचं ऊन, मावशी तांदूळ निवडत बसलेली. लेन्स पन्नासची, एफ ११. फोकस मी अगदी जीव लावून केला. या कॅमेऱ्याच्या काचेवर मधोमध आडवं दुभंगलेलं वर्तुळ असतं. उभी रेघ त्यात तुटलेली दिसते. रिंग फिरवत दोन्ही तुकडे जुळवायचे. चेहऱ्यावर अशी रेघ सापडणं कठीण, पण मावशीच्या चष्म्याची कड कामी आली. रेघ जुळली तरी मी रिंग किंचित पुढे नेऊन परत आणतो. चुकलेलं एकदा बघितल्याशिवाय जुळलेल्याची खात्री पटत नाही.

आठवड्याने प्रिंट आली. मावशी सुरेख. मागच्या खुंटीवरची छत्रीही तितकीच सुरेख, थेट डोक्यातून उगवलेली.

"शिंग फुटलंय काय रे मला?" मावशी म्हणाली.

बघताना ती छत्री नुसता करडा डाग होती. कारण आपण बघत असतो तेव्हा लेन्स सताड उघडी असते; माझी एफ २ वर. लेन्समधली पाती ११ पर्यंत मिटतात ती शटर दाबल्यावर, आणि नेमका तेव्हाच आरसा वर जाऊन डोळ्यापुढे अंधार. म्हणजे जो फोटो निघतो तो आपण पाहिलेलाच नसतो. दांडा तेवढ्यासाठी आहे: तो पाती आधीच मिटवून दाखवतो.

पण २ वरून ११ म्हणजे उजेड बत्तिसावा हिस्सा. दुभंगलेल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो, म्हणून फोकस आधी करायचा, दांडा नंतर. तोही सावकाश दाबायचा, आणि माणसाकडे न बघता त्याच्या डोक्यामागे बघायचं. चार-पाच सेकंदांत खुंट्या, तारा, कॅलेंडरं एकेक करून अंधारातून पुढे येतात.

पेंटॅक्स के१००० ला हा दांडाच नाही. तो कॅमेरा वापरणारे लेन्सचा खटका दाबून ती जराशी फिरवतात, की पाती मिटतात. मी करून पाहिलंय; लेन्स हातात येईल ही धास्ती बघण्यात लक्ष लागू देत नाही.

जत्रेत मात्र दांड्याला वेळ कुठला? तिथे अठ्ठावीसची लेन्स, एफ ८, फोकस तीन मीटरवर ठेवून मोकळं व्हायचं. लेन्सवरच्या खुणांप्रमाणे दीड मीटरच्या पुढचं जवळपास सगळं स्पष्ट येतं. त्या खुणा जरा उदार असतात, हे प्रिंट मोठी केल्यावर कळतं. मी एक स्टॉप जास्तच मिटवतो.

मावशी आता फोटोला बसण्याआधी स्वतःच मागे वळून खुंटी बघते.